दोन थोरल्यांची जोडी: वेगवेगळ्या अद्भुत मालिकांतल्या नायकांचं प्रेम कसं लिहावं

बफी समर्स आणि डीन विंचेस्टर पडद्यावर कधीच भेटले नाहीत. ती स्लेअर, म्हणजे व्हॅम्पायर मारायची शक्ती मिळालेली मुलगी, आणि तो धाकट्या भावाबरोबर गावोगाव भुतं-राक्षसांची शिकार करणारा. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ २० मे २००३ ला संपली आणि ‘सुपरनॅचरल’ सुरू झाली १३ सप्टेंबर २००५ ला. तरी गेली काही वर्षं सोलापुरात बसून मी या दोघांच्या गोष्टी मराठीत लिहिते आहे. आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन आपण आपली गोष्ट लिहितो तिला फॅनफिक्शन म्हणतात. दोन मालिका एकत्र आल्या की क्रॉसओव्हर, आणि दोन पात्रं एकमेकांची व्हावीत असं मनापासून वाटणं म्हणजे शिप करणं. एवढे तीन शब्द पुरेत. पुढे सांगते ती माझी रीत, आणि उदाहरण याच दोघांचं घेते, कारण त्यांना मी सगळ्यात जास्त ओळखते.

जोडी कशावरून निवडायची

माझी पहिली गोष्ट चौथ्या पानावर मेली. त्यात मी बफीला ‘द व्हॅम्पायर डायरीज’मधल्या डेमन साल्वाटोरेशी जोडलं होतं. दोघंही मला आवडायचे, बस्स. पण लिहायला बसल्यावर कळलं की व्हॅम्पायरवर प्रेम करून पोळणं बफीनं एंजलपासून स्पाइकपर्यंत आधीच भोगलंय. डेमन तिला नवं काहीच देत नव्हता, आणि तीही त्याला.

तेव्हापासून मी जोडी ठरवण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहिते: “ही गोष्ट जगात फक्त ह्यालाच न सांगता कळेल.” ‘ही गोष्ट’ म्हणजे काय, ते नेमकं लिहिता आलं तर पुढे जायचं. नाही आलं, तर दोघं कितीही देखणे असोत, सोडून द्यायचं.

बफी आणि डीनचं ते वाक्य लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पाचव्या सीझनच्या शेवटी बफी धाकट्या बहिणीसाठी, डॉनसाठी, मनोऱ्यावरून उडी घेते आणि मरते. सहाव्या सीझनच्या सुरुवातीला तिची मैत्रीण विलो तिला जादूनं परत आणते. ती शवपेटीत जागी होते आणि हातांनी माती उकरत बाहेर येते. स्पाइकनं दिवस मोजलेले असतात: १४७.

आता डीन. धाकटा भाऊ सॅम मरतो, तेव्हा डीन चौरस्त्यावर सैतानाशी करार करतो: सॅम जिवंत, बदल्यात वर्षभरानं माझा आत्मा. वर्ष भरतं आणि नरकातले कुत्रे त्याला ओढून नेतात. चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात, १८ सप्टेंबर २००८ ला, तो इलिनॉयमधल्या एका कबरीतून स्वतःच्या हातांनी वर येतो. इथले चार महिने, तिथली चाळीस वर्षं.

दोघं थोरले. दोघांनी धाकट्यासाठी जीव दिला आणि दोघांना न विचारता परत आणलं गेलं. फरक आहे तो फार मोठा: बफी शांत जागी होती, तिला तिथून उपटून आणलं, डीन यातनेत होता, त्याला ओढून काढलं. पण नखांखालची माती एकच. मीही घरातली थोरली आहे. आपल्या आधी दुसरं कुणीतरी येतं, हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा माणूस भेटणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. माझी जोडी तिथं उभी राहिली.

हीच रीत आपल्या मालिकांनाही लागू पडते. ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’मधल्या नेत्राला पुढचं दिसतं. २००७ साली सुरू झालेल्या ‘असंभव’मध्ये आदिनाथच्या घरावर मागच्या जन्माचं वैर चालून येतं. एकीला उद्या झोपू देत नाही, दुसऱ्याला गेलेला जन्म. कुणीतरी हे लिहायला घ्या, मी वाचायला बसलेय.

वही आणि पुन्हा पाहणं

सगळ्या मालिका पुन्हा पाहायची गरज नाही. ‘सुपरनॅचरल’चे १५ सीझन आणि ३२७ भाग आहेत, आयुष्य जाईल. आपल्या त्या एका वाक्याशी ज्यांचा संबंध आहे तेवढेच भाग काढा. मी बफीच्या पाचव्या सीझनचा शेवट आणि सहाव्याचे पहिले सात भाग पाहिले. सातव्यात, गाण्यांच्या भागात, आपण स्वर्गात होतो हे मैत्रिणी-मित्रांना तिच्या तोंडून कळतं. डीनसाठी तिसऱ्या सीझनचा शेवट आणि चौथ्याचे पहिले दहा भाग.

वहीत संवाद उतरवू नका, हातांच्या सवयी उतरवा. भीती वाटली की हा माणूस काय करतो? खोटं बोलताना काय बदलतं? डीन विनोद करतो, खायला मागतो, गाडीकडे वळतो. त्याची १९६७ ची काळी इम्पाला हेच त्याचं घर. बफी लढताना शब्दांशी खेळते आणि ज्या दिवशी खेळत नाही त्या दिवशी काहीतरी बिनसलेलं असतं. एक स्वतंत्र पान ‘हे तो कधीच करणार नाही’ यासाठी ठेवा. ते पान पुढे सगळ्यात जास्त कामाला येतं.

तारीख ठरवा

गोष्ट नेमकी कधी घडते हे पहिल्या ओळीआधी ठरलेलं हवं. बफीचा जन्म १९८१ चा, डीनचा १९७९ चा, दोघांचाही जानेवारीतला. २००८ च्या अखेरीस ती २७ वर्षांची, तो २९ चा. बफीचं सनीडेल गाव २००३ मध्येच खड्ड्यात गेलेलं, म्हणजे बफी मोकळी आहे. (टीव्हीनंतरच्या कॉमिक्स धरायच्या की नाही तेही आत्ताच ठरवा. मी धरत नाही.)

आणि एक युक्ती: मालिकेतली सुट्टी शोधा. ‘सुपरनॅचरल’च्या चौथ्या सीझनचा दहावा भाग २० नोव्हेंबर २००८ ला दाखवला गेला आणि अकरावा १५ जानेवारी २००९ ला. दहाव्याच्या शेवटी डीन सॅमला नरकातलं खरं सांगतो: तीस वर्षं तो सोसत राहिला आणि मग मोडला, पुढची दहा वर्षं त्यानंच दुसऱ्यांना यातना दिल्या. हे बोलून झाल्यावर तो माणूस कसा जगत असेल? त्या फटीत माझी गोष्ट बसते. मालिकेतली एकही घटना खोटी ठरत नाही आणि वाचकाला वाटतं, हे खरंच घडलं असेल, फक्त कॅमेरा तिथं नव्हता.

दोन जगांचे कायदे

इथं बहुतेक जण घाई करतात. ‘दोन्हीकडे व्हॅम्पायर आहेत, चालतंय’ म्हणून पुढे जातात. पण ते व्हॅम्पायर एक नाहीत. बफीच्या जगात लाकडी सुळा काळजात गेला की व्हॅम्पायरची राख होते, उन्हानं तो जळतो, बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. डीनच्या जगात सुळा, क्रूस यांचा काही उपयोग नाही. ऊन फक्त भाजतं, मेलेल्या माणसाचं रक्त विषासारखं चढतं आणि मारायचं तर मुंडकंच उडवावं लागतं. मुंडकं उडवणं मात्र दोन्हीकडे चालतं. असा दोन्हीकडे चालणारा एक कायदा शोधून ठेवा, पहिली लढाई त्याच्यावर बेतता येते.

माझ्या पहिल्या लढाईत बफी सुळा मारते आणि समोरचा राख होत नाही. बारा वर्षांत हे कधीच झालेलं नाही. ती क्षणभर थिजते, आणि तेवढ्यात मागून डीनचा कोयता येतो. पुढच्याच लढाईत उलट. ती एकाला संपवते, आणि डीन मीठ आणि पेट्रोलचा डबा घेऊन उभाच राहतो, कारण जाळायला काही उरलेलंच नाही. दोघांनाही दुसऱ्यासमोर नवखं व्हावं लागतं. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसांना हे जड जातं, आणि एकमेकांकडे नीट पाहायची सुरुवातही तिथंच होते.

खरी ठिणगी मात्र व्हॅम्पायरपाशी नाही, सैतानांपाशी आहे. बफीचे राक्षस बहुतेक आपापल्या देहात राहतात. मारला की राक्षसच मेला. डीनच्या जगात सैतान काळ्या धुरासारखा जिवंत माणसाच्या अंगात शिरतो. त्याला मंत्रानं काढता येतं, पण वेळ लागतो. रुबी नावाच्या, भावांना मदत करणाऱ्या सैतानानं आणलेला सुरा झटपट काम करतो, फक्त सैतानाबरोबर आतला माणूसही बहुतेक वेळा जातो. चौथ्या सीझनपर्यंत दोघा भावांना त्या सुऱ्याची सवय झालेली आहे.

आता बफीला तिथं उभं करा. स्लेअर माणूस मारत नाही. तिच्या मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये दुसरी स्लेअर फेथ हिच्या हातून अंधारात चुकून एक माणूस मेला, तेव्हा बफी शेजारी होती, आणि त्या रात्रीनं फेथचं काय केलं ते तिनं पाहिलंय. तिच्यासमोर डीन सुरा खुपसतो, डोळ्यांतला काळेपणा जातो, आणि खाली एक साधी बाई मरून पडते, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र. बफी विचारते, “हिचं नाव काय होतं?” डीनकडे उत्तर नाही.

आणखी एक पीळ आहे, मालिकेनंच देऊन ठेवलेला. डीनच्या त्याच चौथ्या सीझनमध्ये सॅम मनाच्या शक्तीनं सैतान बाहेर काढतो आणि आतला माणूस वाचवतो, आणि डीनला नेमकं तेच सहन होत नाही. बफी या वादात सॅमच्या बाजूनं बोलली तर? ज्या माणसावर आपला जीव जडतोय तो आपल्या सगळ्यात दुखऱ्या भांडणात समोरच्या बाजूला उभा आहे. हा प्रसंग लिहायला मला तीन आठवडे लागले, आणि तो नसता तर माझी गोष्ट फक्त गोड झाली असती. म्हणून सांगते, कायदे जुळवून सपाट करू नका. जिथं ते टक्कर घेतात तिथं दोघांना थांबवा, तिथंच ते एकमेकांना कळतील.

भेट

माझे वडील पॉवरलूमवर होते. बीम, म्हणजे ताण्याचा मोठा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला गाठून घ्यावा लागतो. गाठ मोठी झाली तर फणीतून जात नाही, धागा तुटतो. लहानपणी मी त्यांच्या बोटांकडे बघत बसायची. दोन जगं जोडताना मला तीच बोटं आठवतात.

भेटीचं कारण लहान ठेवा. आकाश फाटलं, जग बुडायला आलं, दहा देव खाली उतरले, असलं काही नको. माझ्या गोष्टीत एका छोट्या गावात तीन माणसं नाहीशी होतात आणि दोघं एकाच शवागारात खोट्या ओळखीनं पोहोचतात. डीनकडे एफबीआयचं खोटं कार्ड, बफी म्हणते मी मयताची बहीण. दोघांनाही लगेच कळतं की समोरचा खोटं बोलतोय, कारण दोघांनीही आधी मयताचा चेहरा न पाहता मान पाहिली.

मराठी कोणती

ही पात्रं इंग्रजीत बोलतात, आणि आपण ती मराठीत लिहितो. डीनच्या तोंडी ‘प्रिये’ आलं की तो मेलाच. त्याची वाक्यं तुटक ठेवा, क्रियापद गिळलं तरी चालेल. आमच्या गल्लीतला ‘काय बे’ त्याला चालेल असं मला फार वाटायचं. लिहून पाहिलं, पण मग तो कॅन्ससमधल्या लॉरेन्सचा राहत नाही, आमच्या चौकातला होतो. काढून टाकलं.

मराठीनं दिलेली एक गोष्ट मात्र वापरा: तू आणि तुम्ही. बफी तिला शिकवणाऱ्या जाइल्सना ‘तुम्ही’ म्हणेल, डीन बॉबीला ‘तू’. बाप गेल्यावर बॉबीच त्याचा बाप झालाय, पण अंतर ठेवून नाही. आणि शवागारात खोट्या ओळखीनं ‘तुम्ही’ म्हणणारे दोघं कोयता चालल्याबरोबर ‘तू’वर येतात. त्या बदलावर बोट ठेवू नका, वाचकाच्या कानाला तो ऐकू येतो. सॅम डीनला ‘दादा’ म्हणतो का? मी नावानंच हाक ठेवली आणि सगळ्या गोष्टीत फक्त एकदा, सॅम बेशुद्ध असताना, ‘दादा’ वापरलं.

जवळीक

पहिला स्पर्श कामाचा असू द्या. जखम बांधणं, हत्यार हातात देणं. प्रेमाचे शब्द टाळून, दोघांनाच ठाऊक असलेल्या त्या गोष्टीकडे हळूहळू या. माझ्या गोष्टीतला तुकडा देते. एका कबरीवर काम करून दोघं गाडीपाशी परत आलेत.

बफी बाटलीतल्या पाण्यानं हात धूत होती. नखांखालची माती निघत नव्हती.

“फळी आधी कुठं फुटली?” डीननं विचारलं.

ती थांबली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“तोंडावर. तुझी?”

“छातीपाशी. मग सगळी माती आत.”

“डोळे मिटलेस?”

“उशिरा.”

त्यानं बाटली तिच्या हातातून घेतली आणि तिच्या बोटांवर थोडं थोडं पाणी ओतत राहिला. माती निघाल्यावरही.

पहिल्या खर्ड्यात इथं डीनचं अर्ध्या पानाचं भाषण होतं: एकटेपणा, नरक, सगळं. नंतर लक्षात आलं की दोन सुतार भेटले तर लाकडाबद्दल बोलतील, दुःखाबद्दल नाही. म्हणून तो फळीबद्दल विचारतो.

सोलापूर, आणि योगदंड

आपल्या गावात त्यांना आणायचा मोह प्रत्येकाला होतो. मला तर फारच झाला, कारण माझी फट १५ जानेवारीपर्यंतची आणि आमची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा बरोबर संक्रांतीला. पहिल्या वेळी दहा पानं वाया गेली. डीन शेंगाचटणी आणि कडक भाकरी खातोय, बफी चादरी बघतेय, भुईकोट किल्ल्यात फोटो. दोघंही पाहुणे झाले, शिकारी राहिलेच नाहीत.

गोष्ट सावरली ती एका साध्या प्रश्नानं: डीन इथवर येईल कसा? त्याला विमानाची भयंकर भीती. पहिल्याच सीझनमध्ये ते कळतं, म्हणून तो सगळीकडे गाडीनं जातो. आणि अमेरिकेतून सोलापूरला इम्पाला चालवत येता येत नाही. बफी इथं एका नव्या स्लेअरच्या शोधात आलेली, अडचणीत सापडलेली. २००३ मध्ये विलोनं जगभरच्या मुलींमधली स्लेअरची शक्ती जागी केली, त्यातली एक सोलापुरात का नसावी? मग डीन विमानात बसतो. खुर्चीचे दांडे धरून, डोळे मिटून मुंबई, मग रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, आणि सकाळी स्टेशनवर पांढराफटक चेहरा. बफी विचारते, “कसा आलास?” तो म्हणतो, “उडत.” तिला त्याची भीती ठाऊक आहे. प्रेम व्यक्त करायला मला याहून जास्त काही लिहावं लागलं नाही. भीती पात्राच्या आतली होती, सोलापूरनं फक्त ती ओलांडायला लावली. गाव वापरायचं तर असं वापरा.

आणि यात्रेनं मला शेवटही दिला. सिद्धरामेश्वर योगी होते. कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशीच लग्नाचा हट्ट धरला. त्यांनी व्रत मोडलं नाही आणि तिला झिडकारलंही नाही. माझ्या योगदंडाशी लग्न कर, म्हणाले. आजही संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यापाशी ते लग्न लागतं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात उंच नंदीध्वज तोलत आणतात, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ होतं आणि हजारो हातांतून अक्षता उडतात. मी लहानपणापासून पाहत आलेय, पण ही गोष्ट लिहिताना पहिल्यांदा नीट कळलं की ती मुलगी रिकाम्या हातानं गेली नाही, आणि योगी योगीच राहिला.

डीन शिकार सोडणार नाही, सॅमला तर नाहीच. बफी तिच्या नव्या स्लेअर मुलींना सोडणार नाही. म्हणून लग्न, घर, अंगण असला शेवट मी लिहिला नाही. मग बफीला द्यायला डीनकडे काय आहे, जे तो स्वतः नाही पण त्याचंच आहे? इम्पालाची किल्ली. सॅमलाही सहजी न मिळणारी. आणि बफीला गाडी धड चालवता येत नाही, तिच्या मालिकेत ते पुरेसं दाखवलंय. तरी तो देतो.

वाचकांपुढे ठेवण्याआधी

ही पात्रं दुसऱ्यांच्या मालकीची आहेत, तेव्हा गोष्टीचे पैसे घ्यायचे नाहीत. वर दोन्ही मालिकांची नावं, रक्तपात किती, वाचक कोणत्या वयाचा हवा, महत्त्वाचं पात्र मरतं का, हे स्पष्ट लिहा. नावांच्या मधे तिरपी रेघ म्हणजे प्रेमाची जोडी आणि ‘&’ म्हणजे मैत्री हा जुना संकेत पाळा. ती रेघ सत्तरच्या दशकात ‘स्टार ट्रेक’च्या कर्क आणि स्पॉकपासून चालत आलीय. डीन त्याला नरकातून काढणाऱ्या देवदूत कॅस्टिएलचाच, असं मानणारे असंख्य आहेत. ५ नोव्हेंबर २०२० च्या भागात कॅस्टिएल डीनवरचं प्रेम बोलून दाखवतो, त्यानंतर तर त्यांच्याजवळ मोठा आधार आहे. त्यांच्याशी भांडू नका, त्यांचंही डीनवर तितकंच प्रेम आहे.

आणि पूर्ण गोष्ट मोठ्यानं वाचा, ऐकणारं माणूस समोर बसवून. मी माझ्या धाकट्या बहिणीला बसवते. किल्लीचा प्रसंग वाचताना डीन बफीला म्हणत होता, “जपून चालव, माझा जीव आहे त्यात.” तिनं हात वर केला. “हे तो बोलणार नाही,” ती म्हणाली. “तो फक्त टाकीत पेट्रोल भरून ठेवेल.” मी ते वाक्य खोडलं आणि टाकी भरली.